साठीनंतर भव्य निसर्गदृश्यांपुढे डोळे का भरून येतात?

आपण विचारले आहे की, तरुणपणी पर्वत, दऱ्या आणि धबधबे पाहूनही मनात फारशी खळबळ होत नसे. आता साठी ओलांडल्यावर मात्र अशा ठिकाणी कंठ दाटून येतो. हा वयाबरोबर आलेला हळवेपणा आहे की आणखी काही, आणि वारंवार पाहिल्याने हा अनुभव ओसरेल का? मीही त्याच वयाच्या टप्प्यावर आहे आणि हा अनुभव मला परिचयाचा आहे. माझ्या मते हळवेपणाचा त्यातला वाटा लहान आहे. भव्य भूदृश्य आपल्याला भारावून टाकते ते केवळ त्याच्या लांबी-रुंदीमुळे नव्हे, तर त्यात साठलेल्या काळामुळे. आणि काळ मोजण्याचे माप पुष्कळसे आयुष्य जगून झाल्याखेरीज कोणाच्याही हाती येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला जेम्स हटन यांचे वाटते. आधुनिक भूविज्ञानाचा पाया घालणारे हे स्कॉटिश गृहस्थ १७८८ साली, वयाच्या ६२व्या वर्षी, जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल या आपल्याहून बऱ्याच तरुण मित्रांना घेऊन स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सिकार पॉइंट या खडकाळ टोकाशी बोटीने गेले. तेथे खाली करड्या खडकाचे जवळजवळ उभे थर आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर सौम्य उताराने टेकलेले आहेत. खालचे थर समुद्रतळाशी साचले, दगड झाले, दाबाने मुडपून उभे राहिले, पाण्याबाहेर आले, झिजले आणि मगच त्यांच्यावर नवी वाळू साचू लागली, हा सारा क्रम त्या एका कड्यात दिसतो. आजच्या कालमापनानुसार या दोन थरांच्या वयांत सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे. काळाच्या त्या खोल दरीत डोकावताना मनाला घेरी आल्यासारखे झाले, असे प्लेफेअर यांनी पुढे लिहून ठेवले. हटन यांनी मात्र तरुणपणी अनेक वर्षे शेती केली होती आणि पावसागणिक शेतातली माती वाहून जाताना पाहिली होती. माती किती सावकाश झिजते हे त्यांनी स्वतःच्या आयुष्याच्या मापाने मोजलेले होते, म्हणूनच त्या खडकांतला काळ त्यांना वाचता आला.

विशीत असताना 'लाखो वर्षे' हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो. साठ वर्षे म्हणजे किती, हे तेव्हा ठाऊकच नसते. मग त्यांची एक लाख पट कशी कळणार? अमेरिकेतील ग्रँड कॅनियन ही दरी कोलोरॅडो नदी गेली सुमारे ५० ते ६० लाख वर्षे कोरत आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्याएवढी एक लाख आयुष्ये एकापुढे एक मांडली की तेवढा काळ होतो. दरीच्या तळाशी असलेले खडक तर १७० कोटी वर्षांहून जुने आहेत आणि तेथे हे मापही तोकडे पडते. उलट काही ठिकाणी माणसाचे आयुष्य भूदृश्याच्या बदलाशी स्पर्धा करू लागते. आल्प्समधील सर्वांत मोठी असलेली आलेच हिमनदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे तीन किलोमीटर मागे हटली आहे. आपल्या पाहण्यातले हिमनदीचे टोक आपल्याच हयातीत दिसेनासे होऊ शकते, हे कळल्यावर विस्मयात दुःखही मिसळते. तरुणपणी मला हिमनद्यांपुढे हे दुःख कधी जाणवले नव्हते.

मानसशास्त्राचा यावरील विचार थोडक्यात सांगतो. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ साली विस्मयाची दोन लक्षणे मांडली: समोरची गोष्ट अफाट वाटणे आणि ती मनातल्या जुन्या चौकटीत न मावल्यामुळे चौकटच बदलावी लागणे. यावरून विस्मय लहान मुलांनाच अधिक वाटावा, असा तर्क निघू शकतो, आणि फुलपाखराच्या किंवा इंद्रधनुष्याच्या बाबतीत तो खराही असेल. पण प्रचंड भूदृश्यापुढे चौकट मोडायची तर आधी ती पक्की झालेली असावी लागते, असे मला वाटते. दुसरीकडे, लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सिद्धान्तानुसार, पुढचा काळ मर्यादित आहे असे जाणवू लागले की माणूस भविष्याच्या तयारीपेक्षा वर्तमानातील अर्थपूर्ण अनुभवांना अधिक महत्त्व देतो. तरुण प्रवासी शिखराकडे पाहताना पुढच्या मुक्कामाचा हिशेब करत असतो. आपला तो हिशेब बराचसा आटोपलेला असतो.

याला डोळ्यांशी संबंधित असेही एक कारण आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. दोन डोळ्यांमुळे मिळणारा खोलीचा अंदाज फार दूरच्या वस्तूंसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. तेथे आपण धूसरपणा, सावल्या आणि ओळखीच्या वस्तूंचा आकार यांवर विसंबतो. म्हणून पहिल्या नजरेला भव्य दरी बरेचदा सपाट चित्रासारखी भासते. १५४० साली ग्रँड कॅनियनच्या काठावर पोहोचलेल्या स्पॅनिश तुकडीला तळातली नदी जेमतेम सहा फूट रुंद वाटली. काही जण खाली उतरू लागले, तेव्हा वरून माणसाएवढे दिसणारे खडक प्रत्यक्षात सेव्हिल शहराच्या प्रसिद्ध मनोऱ्याहून उंच निघाले. छायाचित्र काढून लगेच पुढे निघणाऱ्याला हा साक्षात्कार होतच नाही. गुडघ्यांच्या कृपेने आपण काठावरच्या बाकावर बसून राहतो, समोरच्या उतारावरचा ठिपका म्हणजे चालणारा माणूस आहे हे उशिरा लक्षात येते आणि त्या क्षणी संपूर्ण दृश्य एकाएकी अनेक पटींनी मोठे होते.

आता ओसरण्याविषयी. वयाबरोबर विस्मय आपोआप वाढतो, असे मी म्हणणार नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८७६ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, आत्मकथनात नोंदवले आहे की सुंदर निसर्गदृश्यांची थोडी आवड अजून उरली असली, तरी पूर्वीसारखा उत्कट आनंद त्यांतून मिळत नाही. ब्राझीलच्या अरण्यात भारावून गेलेला तो तरुण पुढे असा कोरडा झाला, याचे कारण तेही निश्चित सांगू शकले नाहीत. तथ्यांतून सामान्य नियम काढणारे यंत्र आपले मन बनले आहे, एवढेच त्यांनी म्हटले. मात्र लक्ष देण्याची सवय लावून घेता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तींना आठ आठवडे, आठवड्यातून १५ मिनिटे चालायला सांगितले होते. त्यांतील एका गटाला चालताना विस्मयकारक गोष्टी शोधण्याची सूचना होती. त्या गटाने काढलेल्या सेल्फींमध्ये हळूहळू त्यांची स्वतःची आकृती लहान आणि परिसर मोठा होत गेला, हसूही रुंदावले. हे सारे सामान्य फेरफटक्यांत घडले, त्यासाठी पर्वताची गरज पडली नाही.

अश्रूंची काळजी करू नका. तीव्र विस्मयात अंगावर काटा येणे आणि डोळे पाणावणे स्वाभाविक आहे. प्रसंगाशी संबंध नसताना अनावर रडू येऊ लागले, विशेषतः पक्षाघातानंतर, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. आणि आपण समुद्रसपाटीपासून २,५०० मीटरहून अधिक उंचीवर जाणार असाल, तर डोकेदुखी, मळमळ आणि भोवळ यांचे श्रेय निसर्गाच्या भव्यतेला देऊ नका. ती विरळ हवेची लक्षणे असतात. त्यांत आणखी वर चढू नये आणि त्रास वाढू लागल्यास दृश्य कितीही अद्भुत असले तरी खाली उतरावे.