शेणाची स्लरी पिळून देणारं फिरतं मशीन गोव्यात चालेल का? भाडं चोथ्याच्या पोत्यावर घ्यावं का?

पोत्यावर अजिबात घेऊ नका. बाकीच्या प्रश्नाकडे नंतर येतो, पण या पोत्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या मावसभावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

माझं स्क्रू प्रेस, म्हणजे स्लरी पिळून चोथा आणि पाणी वेगळं करणारं मशीन, ट्रॉलीवर बसवलेलं आहे, सोबत कटर पंप आणि जनरेटर. डिचोली, सत्तरी आणि फोंड्याच्या काही गावांत फिरतो. दादाचा गोठा डिचोली तालुक्यात. कामधेनू या सरकारी दुभत्या गुरांच्या योजनेतून सुरुवात केली, पुढे स्वतःच्या हिमतीवर वाढवला, चारा घाटावरून विकत आणतो. कष्टाळू माणूस आहे, त्याबद्दल दुमत नाही. मे महिन्यात त्याचा स्लरीचा खड्डा काठाला आला, पाऊस तोंडावर, आणि मला बोलावणं आलं. मी फोनवरच सांगितलं होतं की मी ताशी घेतो. तो म्हणाला, "तू ये तर खरा."

मशीन लावलं, तोंडाशी चोथ्याचा गट्टा धरला आणि पिळायला लागलं. पलीकडे जाऊन बघतो तर पिळून निघालेल्या पाण्याचा पाईप गोठ्यामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलेला. त्या व्हाळाचं पाणी खाली तीन-चार घरांच्या कुळागरांना (माड-पोफळीच्या बागांना) पाटाने जातं. मी मशीन बंद केलं. गड्यांसमोर बंद केलं याचा त्याला जास्त राग आला. "मला चोथा पाहिजे, नर्सरीवाला उचलायला येणार आहे. पाणी माझं, मी कुठेही सोडीन. भाडं देतोय ना तुला?"

मी म्हटलं, "दादा, पाईप वर नेपियरात, हत्ती गवतात घे, नाहीतर मी ट्रॉली जोडतो." शेवटी घेतला, पण त्यात दुपार गेली. संध्याकाळी त्याने पोती मोजली आणि पोत्याच्या हिशेबाने पैसे पुढे केले. म्हणे, काम म्हणजे चोथा, चोथा कमी तर पैसे कमी.

आता हिशेब बघा. गोठा पाईपाने धुतलेला, त्यामुळे स्लरी आधीच पातळ. सात-आठ टक्के घन असलेली बरी स्लरी असेल तरी शंभर लिटरमागे दहा-पंधरा किलो चोथा निघतो, आणि तोही कोरडा नव्हे, त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच. स्लरी जितकी पातळ तितकी पोती कमी, पण डिझेल तेवढंच जळतं आणि मशीनची गाळायची जाळी तेवढीच झिजते. गोठ्यात पाणी किती वापरायचं हे मालक ठरवणार आणि त्याचा भुर्दंड मशीनवाल्याने सोसायचा, हे मला मान्य नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे खताचा कस चोथ्यात नसतो. नत्राचा आणि पालाशचा मोठा हिस्सा विरघळलेला, तो पाण्याबरोबर जातो. चोथ्यात राहतो तो मुख्यतः तंतू आणि थोडा स्फुरद. नर्सरीला आणि कंपोस्टला तो उत्तम, पण माडाला, पोफळीला, हत्ती गवताला जे हवं ते पाण्यात आहे. दादा तेच व्हाळात सोडत होता आणि दुकानातून युरिया आणत होता. व्हाळात गेलं की ते पाण्यातला प्राणवायू खातं, मासे मरतात आणि खालच्या लोकांच्या पाटाला घाण येते. पोत्यावर दर लावला की मालक फक्त पोती बघतो, मशीनवालाही पोतीच बघतो, आणि पाण्याला वाली उरत नाही. चतुर्थीला मावशीकडे हा विषय दरवर्षी निघतो. दादा अजून म्हणतो की मी पाहुण्यासारखं वागायला हवं होतं. मी अजून म्हणतो की पाणी कुठे जाणार ते दाखव, मग मशीन उभं करतो. हीच अट मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला घालतो, तुम्हीही घाला.

तर भाडं ताशी घ्या, त्यात किमान तास ठरवा, येण्याजाण्याचं वेगळं लावा. पाईप हलवायला, खड्ड्यातून सुंभ आणि प्लास्टिक काढायला जो वेळ जाईल तोही मोजा.

चालेल का? दोन-चार गुरांच्या घरांत नाही. तिथे ताजं शेण सरळ खतकुंडीत जातं, त्यांना तुमची गरज नाही. वीस-पंचवीस गायींच्या वरचे गोठे धरा, आणि ते गोव्यात फार नाहीत, म्हणून एका तालुक्यावर पोट भरणार नाही. पावसाळ्यात धंदा बंद समजा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या उघड्या अंगणावर तीन लाख लिटर पाणी. ते खड्ड्यात उतरलं तर पिळायला काही उरत नाही. गिऱ्हाइकाला आधी छपराचं पाणी वेगळं काढायला सांगा. खरा हंगाम दिवाळीनंतर मेपर्यंत. बायोगॅसमधून आलेली स्लरी असेल तर चोथा आणखी कमी निघतो, कारण तंतूंचा बराच भाग आत कुजलेला असतो. हेही आधीच बोलून ठेवा.

थ्री-फेज सगळीकडे मिळेल असं धरू नका, जनरेटर लागेलच. सत्तरीतल्या आतल्या रस्त्यांवर लांब ट्रॉली वळत नाही, आखूड बनवा. चिऱ्याची लाल माती खड्ड्यात उतरत असेल तर जाळी आणि स्क्रू लवकर जातात, तेव्हा पंप तळाला टेकवू नका.

एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना मशीन, पाईप, चाकं, गमबूट सगळं धुऊन जंतुनाशक मारा. लाळ्या-खुरकूत तुमच्या ट्रॉलीवरून गेला तर पुन्हा त्या गावात कोणी उभं करणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

आणि खड्डा ढवळायला लागलात की साचलेला विषारी वायू एकदम वर येतो. सुरुवातीला जास्त जपा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, मुलं आणि गुरं लांब ठेवा. पंप अडकला तर दोरीने ओढून काढा, खड्ड्यात कोणालाही उतरवू नका, मालक कितीही घाई करो.