आधी छोटा टॉर्क पाना घ्या

प्रश्न: कराडजवळ माझं दुचाकीचं छोटं गॅरेज आहे, अधूनमधून मारुतीच्या गाड्याही येतात. आजवर टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) न मोजता हाताच्या अंदाजानेच आवळत आलो. पण इंजिन कव्हरचे आटे गेलेल्या गाड्या वाढल्यात. दुकानदार अर्धा इंची ड्राइव्हचा (गोटी बसते त्या चौकोनी टोकाचा), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना दाखवतो आणि म्हणतो, एवढ्या एकात सगळं भागेल. घेऊ का? की डिजिटल बरा?
– एक वाचक, कराड

उत्तर: दुकानदाराला एकच विचारा, ह्या पान्याने कव्हरचे बोल्ट कसे आवळू? आठ नंबरची गोटी (सॉकेट) लागते ते बोल्ट सहा मिलिमीटरचे, ॲल्युमिनियममध्ये बसणारे. त्यांना साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. त्याचा पाना सुरूच होतो २८ पासून! म्हणजे तुमचं नुकसान जिथे होतंय, नेमकं तिथेच तो कामाचा नाही.

म्हणून पहिला पाना छोटा घ्या : पाव इंची ड्राइव्ह, ५ ते २५ न्यूटन-मीटर. चाकाच्या नटांसाठी आणि ॲक्सलसाठी अर्धा इंची मागाहून घेतलात तरी चालेल. आमच्या आयटीआयच्या वर्गात पोरं आल्या आल्या मोठ्या पान्यालाच हात घालतात. मोठा पाना हातात असला की मेकॅनिक झाल्यासारखं वाटतं, दुसरं काही नाही. पण चाकाचा नट थोडा जास्त आवळला गेला तर बहुधा निभावतं. कव्हरचा आटा गेला की हेलिकॉइल (गेलेल्या आट्याच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवण्याचा खर्च तुमच्या माथी.

आता दर्जाचं. मी ब्रँडच्या आधी कागद बघतो. आयएसओ ६७८९ हे हाताने वापरायच्या टॉर्क पान्यांचं मानक. लावलेला आकडा आला की खटका देणाऱ्या नेहमीच्या पान्याला, त्याचा कमाल आकडा १० न्यूटन-मीटरच्या वर असेल तर अधिक-उणे ४ टक्के आणि १० किंवा त्याखाली असेल तर ६ टक्के एवढीच चूक त्यात माफ आहे. पान्याच्या कमाल आकड्याच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांना घेतलेली रीडिंग प्रमाणपत्रावर हवीत. आणि मुख्य म्हणजे त्यावरचा सिरियल नंबर पान्यावर कोरलेल्या नंबराशी जुळला पाहिजे. नंबरच नसलेली छापील चिठ्ठी पेटीत असेल, तर ती फक्त शोभेची.

मग पाना हातात घ्या. आकडा लावून लॉक करा आणि मूठ हलवून बघा, आकडा सरकता कामा नये. खटका हाताला स्पष्ट जाणवला पाहिजे, गॅरेजच्या गोंगाटात नुसता आवाज कामाचा नाही. पट्टीवर न्यूटन-मीटर आणि किलोग्रॅम-मीटर दोन्ही असतील तर उत्तम. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्येच सापडतात. एक म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, त्यामुळे १.२ लिहिलं असेल तर पाना पावणेबारावर लावायचा. मॅन्युअलने सांगितलेलं नसताना आट्यांना तेल लावू नका. आवळायला लावलेला बराचसा जोर घर्षणातच जातो; तेलाने घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

अर्धा इंची पाना घेतलात आणि कधी हातातून पडला, तर शंका फेडायचा एक गावठी उपाय आहे. चौकोनी ड्राइव्ह वाइसमध्ये धरा, पाना आडवा ठेवा आणि मुठीच्या मध्यावर पाण्याची बादली टांगा. बादली पाण्यासकट वाण्याच्या काट्यावर १० किलो भरलेली हवी. ड्राइव्हपासून मुठीचा मध्य ४० सेंटिमीटर असेल तर ३९ न्यूटन-मीटर होतात, पान्याच्या स्वतःच्या वजनाचे दोन-अडीच वर धरा. पाना ४१-४२ वर लावून बादली हळूच सोडली की खटका त्याच सुमारास बसला पाहिजे. ३५ ला बसतो किंवा ५० ला बसतो असं दिसलं, तर तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा. तसंही वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासणी करायचीच असते. काम संपलं की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवा. त्याच्याही खाली सैल करू नका. आणि गंजलेला नट सोडवायला हा पाना पोराच्या हाती देऊ नका, त्यासाठी साधा दांडा आहे.

डिजिटलचं म्हणाल, तर तुम्हाला आत्ता गरज नाही. हेडचे बोल्ट ठराविक टॉर्कनंतर अंशांत फिरवायचं काम निघालं, तर स्वस्तातला अँगल गेज (बोल्ट किती अंश फिरला ते दाखवणारी तबकडी) वेगळा मिळतो. तेवढ्यासाठी सेल घालायचा महागडा पाना कशाला?