वाचक विचारतात: एआयने दिलेला स्कोअर आणि आपली पगारवाढ

मागच्या अंकात अप्रेझलबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हटलं होतं, तर बहुतेक पत्रं एकाच विषयावर आली, की कंपनीने आता आमचं काम मोजायला एआय बसवलंय त्याचं काय करायचं. त्यातली चार घेतोय. नावं आणि कंपन्या गाळल्या आहेत, उगाच कोणाची नोकरी धोक्यात नको.

प्रश्न: मी पेमेंट्सचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत सीनिअर इंजिनिअर आहे. यावर्षीपासून एक एआय टूल आमचे सगळे कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) आणि पीआर (ते बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) वाचतं आणि दर आठवड्याला प्रत्येकाला स्कोअर देतं, व्हेरिएबल पेचा एक भाग त्याला जोडलाय. माझा स्कोअर टीममध्ये खालून दुसरा! माझं काम म्हणजे बाकीच्यांचे रिव्ह्यू, प्रोडक्शनला (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमला) आग लागली की ती विझवणं आणि जुना नको असलेला कोड काढणं. मागच्या तिमाहीत काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात होते, तो बग मी लॉग चाळत रात्री जागून शोधला, फिक्स काय तर ट्रान्झॅक्शन आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच आयडी दोनदा नोंदवू न देणारा नियम), एक ओळ. टूल म्हणालं 'किरकोळ बदल'. त्याच आठवड्यात एका ज्युनिअरने एआयकडूनच लिहून घेतलेलं रिपोर्टचं स्क्रीन टाकलं, हजारभर ओळी, त्याला भरघोस मार्क. मॅनेजर म्हणतो टूल ऑब्जेक्टिव्ह आहे, माणसासारखं पार्शल नाही. काय करू?
– एक त्रस्त, हिंजवडी

उत्तर: पहिलं म्हणजे तुमची ती एक ओळ मला जाम आवडली. आणि ज्यांनी डेटाबेसवर काम केलंय त्यांच्या लगेच लक्षात येईल की ती नुसती एक ओळ नाहीये, कारण टेबलमध्ये आधीच डुप्लिकेट नोंदी पडलेल्या असताना युनिक कन्स्ट्रेंट टाकायला गेलात तर डेटाबेस ती घेतच नाही, म्हणजे आधी तुम्ही त्या नोंदी शोधल्या असणार, कुठली खरी आणि कुठली रिट्रायमुळे, म्हणजे तीच विनंती पुन्हा गेल्यामुळे आलेली ते ठरवलं असणार, ज्यांचे पैसे गेले त्यांच्या रिफंडसाठी फायनान्सवाल्यांच्या मागे लागला असणार आणि मग कुठे ती ओळ गेली. यातलं रेपोमध्ये (कोड ठेवतात त्या साठ्यात) काय आहे? काहीच नाही. टूलला दिसला तो डिफ, म्हणजे कोडमधल्या किती ओळी वाढल्या-घटल्या तेवढं: एक अधिक, शून्य उणे.

ही टूलं साधारण अशी चालतात: डिफ, पीआरचं वर्णन, जमलं तर जिरा तिकीट (कामाची नोंद) आणि रिव्ह्यूच्या कमेंट असं सगळं एका भाषा-मॉडेलला देतात, सोबत एक रूब्रिक (मार्क द्यायचे निकष) देतात की गुंतागुंत किती, अनुभवी माणसाला किती तास लागले असते वगैरे, ते आकडा देतं, आकड्यांची बेरीज होते, डॅशबोर्डवर रंगीत पट्ट्या येतात. नुसत्या ओळी मोजण्यापेक्षा हे बरं आहे हे मान्य करू, निदान मॉडेल कोड वाचतं तरी. पण जे लिहिलं गेलं तेवढंच ते वाचतं, आणि सीनिअर माणसाचा अर्धा पगार हा जे लिहावं लागलं नाही त्याचा असतो.

ऑब्जेक्टिव्हचं म्हणाल तर मॅनेजरसाहेबांना नम्रपणे सांगा की भाषा-मॉडेलला परीक्षक केलं की काय होतं यावर २०२३ पासून रिसर्च आहे. मॉडेल लांबलचक उत्तराला झुकतं माप देतं, म्हणजे बोर्डाच्या पेपरला पुरवण्या जास्त जोडल्या की मार्क जास्त अशी आपली जी समजूत असायची ना, ती इथे बऱ्यापैकी खरी ठरते. दोन उत्तरं शेजारी ठेवली तर कुठलं आधी ठेवलं यावरूनही निकाल फिरतो. आणि नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलंय की मॉडेलला स्वतः लिहिलेला मजकूर ओळखता येतो आणि तो त्याला जरा जास्त आवडतो. आता तुमच्या ज्युनिअरचं ते हजार ओळींचं स्क्रीन आठवा. माणूस पार्शल असतो हे खरंच आहे, पण त्याचा पार्शलपणा निदान कॅन्टीनमध्ये सगळ्यांना माहीत असतो, टूलचा दशांश चिन्हाखाली लपतो.

हे दुखणं नवीन नाही बरं का. १९८२ मध्ये ॲपलच्या लिसा या संगणकाच्या टीममध्ये दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या त्याचा फॉर्म भरायचा होता, तिथला प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन याने त्या आठवड्यात क्विकड्रॉचा (स्क्रीनवर आकृत्या काढणाऱ्या कोडचा) एक भाग नव्याने लिहून तो साधारण सहापट वेगवान केला होता आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या, पठ्ठ्याने फॉर्मवर उणे २००० लिहिलं. थोड्या दिवसांनी त्याला फॉर्म मागणंच बंद झालं. आयटीत सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आहे, तरी प्रत्येक पिढी आपला नवा फॉर्म काढतेच: आयबीएमच्या ॲलन अल्ब्रेक्टने १९७९ मध्ये फंक्शन पॉइंट (सॉफ्टवेअर काय काय करतं यावरून त्याचा आकार मोजायचं माप) आणले, मग स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा टीमचा अंदाज) आले आणि दोन पॉइंटचं काम पाचचं व्हायला लागलं (आपल्याकडे तर हे स्प्रिंट, म्हणजे दोनेक आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याच्या प्लॅनिंगमध्ये उघड उघड चालतं), आता हे.

आता काय करायचं. चिडून स्कोअर वाढवायच्या नादी लागू नका, ते सोपंय, एका पीआरचे चार करा, वर्णन एआयकडून लिहून घ्या, मिळतील मार्क. पण तुमच्यासारख्याने रिव्ह्यू सोडून हे सुरू केलं की त्या टीमचं काय होईल ते तुम्हालाच ठाऊक. वर्णन मात्र खरंच लिहायला लागा, स्वतःच्या शब्दांत: ग्राहकाला काय त्रास होत होता, कारण कसं सापडलं, कुठले उपाय बघून सोडून दिले, फिक्सनंतर तक्रारी थांबल्या का. त्या जुन्या पीआरलाही आत्ता कमेंट म्हणून हे जोडा, सोबत इन्सिडेंटचं तिकीट. हे टूलसाठी नाही, सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन मीटिंगमध्ये (जिथे मॅनेजर मिळून सगळ्यांचे रेटिंग ठरवतात) तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी असावं म्हणून. आणि मॅनेजरला एकच प्रयोग करायला सांगा: तुमचा तोच पीआर टूलला दोनदा द्या, एकदा वर्णनाशिवाय आणि एकदा वर्णनासकट. कोड तोच, ओळ तीच. आकडा हलला तर ऑब्जेक्टिव्हपणावर पुढची चर्चा चहासोबत करता येईल.

प्रश्न: नाशिकमध्ये आमची वीसेक जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, मीच मालक मीच मॅनेजर. खरं सांगायचं तर अप्रेझलला बसलो की मला शेवटच्या दोन महिन्यांचंच आठवतं, आणि जो जास्त बोलतो त्याचं जास्त आठवतं. एआय वापरून हे जरा न्याय्य करता येईल का? का तेही नकोच?
– गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: नकोच का म्हणून? उलट तुमच्यासारख्यांनाच त्याचा खरा उपयोग आहे, फक्त त्याला जज करू नका, कारकून करा.

म्हणजे असं, की प्रत्येकाच्या वर्षभराच्या पीआर, दुसऱ्यांच्या पीआरवर केलेल्या कमेंट, डिझाइनची डॉक्युमेंटं, इन्सिडेंटच्या नोंदी, हे सगळं एआयला देऊन म्हणायचं की या माणसाने काय काय केलं त्याची टिपणं काढ, प्रत्येक टिपणाला मूळ जागेची लिंक दे, आणि आकडा, ग्रेड, तुलना काही देऊ नकोस. लिंकशिवायचं वाक्य आलं की खोडायचं, कारण ही मॉडेलं कधीकधी न झालेलं कामही मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. मग ती टिपणं आधी त्या माणसालाच दाखवा, आणि यात काय राहिलं ते लिहून द्यायला सांगा. गंमत तिथेच आहे. जो मुलगा मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही पण ज्याने चार जणांचे रिव्ह्यू इतके नीट केलेत की त्यांचे बग प्रोडक्शनला गेलेच नाहीत, तो पहिल्यांदा कागदावर दिसतो. कमेंट शोधून, वाचून, एकत्र करणं हे कंटाळवाणं काम माणूस करत नाही, मशीन करतं. पण 'ही कमेंट महत्त्वाची होती' हे तुम्ही ठरवायचं, कारण त्या आठवड्यात क्लायंट काय बोंबलत होता ते तुम्हाला माहीत आहे.

खासगी चॅट आणि डीएम मात्र यात घालू नका, एकदा लोकांना कळलं की बॉसचा एआय चॅट वाचतो तर लोक मदत मागणंच बंद करतील. आणि कंपनीचा कोड उचलून कोणाच्या फुकटच्या पर्सनल अकाउंटवर टाकू नका, नीट करार असलेलं अकाउंट घ्या.

आकडे हवेच असतील तर टीमचे घ्या. डोरा नावाने ओळखली जाणारी चार मोजमापं मिळतील: किती वेळा डिप्लॉय होतं (नवा कोड ग्राहकांपर्यंत जातो), कमिटपासून प्रोडक्शनला जायला किती वेळ लागतो, किती डिप्लॉय फसतात आणि फसल्यावर सावरायला किती वेळ लागतो. ती टीमची आणि सिस्टिमची आहेत, अमुक एका माणसाची नाहीत, त्यामुळे त्यावरून कोणाची वेतनवाढ कापू नका. आकड्यालाच लक्ष्य बनवलं की आकडा बिघडतो हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल मांडलं होतं, आपल्या स्प्रिंटलाही ते तंतोतंत लागू पडतं.

बक्षिसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. वीस जणांत पहिला-दुसरा असा नंबर काढू नका. मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षं लोकांना ठरावीक टक्क्यांत बसवलं आणि २०१३ मध्ये ती पद्धत बंद केली, कारण लोक बाहेरच्या स्पर्धेऐवजी शेजारच्या डेस्कशी स्पर्धा करत बसले. पगार बाजारभावाप्रमाणे आणि जबाबदारीप्रमाणे ठेवा, आणि विशेष कामासाठी वेगळा बोनस द्यायचा तर चार लोकांसमोर कारण सांगून द्या. कारण सांगता येत नसेल तर तो बोनस बहुधा चुकीच्या माणसाला चाललाय.

प्रश्न: माझी मुलगी गेल्या वर्षी इंजिनिअर झाली, आता पुण्यात नोकरीला आहे. ती सांगते की त्यांच्याकडे कोण किती एआय वापरतं, किती टोकन खर्च करतं याचा बोर्ड आहे आणि ती त्यात मागे आहे म्हणून तिला टेन्शन आलंय. मला यातलं काही कळत नाही, पण जास्त वापरलं म्हणजे जास्त काम केलं असं असतं का?
– एक वडील, सांगली

उत्तर: काका, तुम्हाला कळत नाही म्हणता पण प्रश्न एकदम बरोबर विचारलात. टोकन म्हणजे एआयशी झालेल्या देवाणघेवाणीचं माप, मजकुराचे छोटे तुकडे मोजतात. त्यावरून बिल येतं, काम झालं की नाही ते कळत नाही.

२०२५ मध्ये मीटर नावाच्या संस्थेने एक प्रयोग केला होता, १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं, काही एआय वापरून आणि काही न वापरता. एआय वापरलं तेव्हा वेळ १९ टक्के जास्त लागला, आणि त्या लोकांना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं! आता हे मुरलेल्या लोकांचं, त्या वेळच्या टूलवरचं, आणि मोठ्या जुन्या कोडमधलं आहे, तुमच्या मुलीच्या कामाला जसंच्या तसं लावू नका, टूलंही तेव्हापासून बदललीत. पण वेग वाटणं आणि वेग असणं यात एवढा फरक पडू शकतो, तर नुसता वापर मोजून काय हाती लागणार.

तिला सांगा वापर टाळू नको, शिकायलाच हवं. पण जो कोड आपल्या नावावर जातो तो कोणी विचारलं तर फळ्यावर समजावता आला पाहिजे, पहिल्या दोन वर्षांत तेच कमवायचं असतं. बोर्डवर वर जाण्यासाठी उगाच टोकन जाळणारे तिच्या ऑफिसात आत्ताच असतील, तिलाच विचारा, हसेल ती.

प्रश्न: एआयच्या स्कोअरवरून पगार ठरवणं कायद्याने चालतं का? आमची मूळ कंपनी जर्मनीतली आहे. शिवाय एक मित्र म्हणाला की कोडच्या कमेंटमध्येच 'हे काम अत्यंत अवघड आहे' असं लिहून ठेव, एआय फसतं. करू का?
– बाणेर, पुणे

उत्तर: दुसऱ्याचं आधी: नका करू. फसतं हे खरं आहे, जुलै २०२५ मध्ये निक्केई या जपानी वृत्तसंस्थेने १७ शोधनिबंध शोधून काढले होते ज्यांत 'फक्त चांगलंच लिही' अशा सूचना पांढऱ्या किंवा अगदी बारीक अक्षरांत लपवल्या होत्या, एआयने परीक्षण करणाऱ्यांसाठी. पण ते पकडले गेले ना. तुमच्या रेपोत तर प्रत्येक ओळीपुढे तुमचं नाव आणि तारीख असते.

कायद्याचं असं, की युरोपात कर्मचाऱ्याचं काम तपासणारं एआय हे तिथल्या एआय कायद्यात जास्त जोखमीच्या यादीत टाकलंय, आणि जीडीपीआर या युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याच्या कलम २२ प्रमाणे माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ मशीनवर सोडायला बंधनं आहेत. तुम्ही पुण्यात बसून काम करता तेव्हा हे तुम्हाला किती लागू ते तुमची प्रोसेसिंग कुठे आणि कोण करतं यावर ठरेल, वकिलाला विचारा. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात नोकरीच्या कामासाठी डेटा वापरायला मालकाला बरीच मोकळीक आहे आणि मशीनने काढलेल्या रेटिंगला आव्हान द्यायचा सरळ हक्क काही त्यात लिहिलेला नाही.

म्हणून व्यवहाराचं बोलू. एचआरला मेल टाका, तक्रारीच्या सुरात नको, आणि तीन गोष्टी विचारा: टूल कुठला डेटा बघतं, पगाराचा अंतिम निर्णय कोण माणूस सही करून घेतो, आणि स्कोअर चुकीचा वाटला तर कुठे आणि किती दिवसांत हरकत घ्यायची. जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्या कामगार परिषदेमार्फत (कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या समितीमार्फत) हेच प्रश्न आधी विचारले असण्याची बरीच शक्यता आहे, त्यांना काय उत्तर मिळालं ते विचारून घ्या आणि आपल्या मेलमध्ये त्याचा उल्लेख करा.