प्रतिज्ञापत्रात 'कॉपी' लिहावं का?

प्रश्न असा आहे: एम.ए.च्या लघुप्रबंधाच्या प्रतिज्ञापत्रात "मी कुठेही कॉपी केलेली नाही" असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी 'कॉपी' खोडायला लावलं. मग काय लिहू? 'नक्कल' चालेल?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. आपल्याकडे 'कॉपी' म्हटलं की बाहीत दडवलेली चिठ्ठी आणि वर्गात शिरणारं भरारी पथक आठवतं. 'नक्कल' त्याहून गैरसोयीचा. अरबीतून आलेला हा शब्द कचेरीत अगदी सभ्य आहे. तिथे अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते, वर शिक्काही असतो. आणि गॅदरिंगमध्ये सरांची नक्कल करणाऱ्याला टाळ्या मिळतात!

दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून खपवण्याला रूढ शब्द 'वाङ्मयचौर्य'. वाङ्मय म्हणजे फक्त कथा-कविता नव्हे, वाणीतून घडलेलं सगळंच, त्यामुळे रसायनशास्त्राच्या प्रबंधालाही तो चालतो. (लिहिताना 'वांग्मय' करू नका, वांग्याचा इथे काही संबंध नाही.) बोलताना मी सरळ 'उचलेगिरी' म्हणतो. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो तीही उचलच, पण ती वहीत नावावर मांडलेली असते. तळटीप न देता परिच्छेद घेतला तर ती नोंदच नसते.

पण मला जास्त आवडते ती जुनी जोडी: शब्दहरण (दुसऱ्याचे शब्द उचलणं) आणि अर्थहरण (त्याचा विचार उचलणं). सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर या संस्कृत पंडिताने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात या दोन्हींवर स्वतंत्र अध्याय लिहिले, आणि हरणाचे त्याज्य व ग्राह्य असे दोन प्रकारही सांगितले. आजच्या विद्यार्थ्यांचा घोळ नेमका या जोडीत उलगडतो. मूळ वाक्य समजा असं आहे: "पाऊस लांबल्याने पेरण्या खोळंबल्या आणि सावकाराचं दार पुन्हा उघडलं." त्याचं कुणी केलं: "पर्जन्य उशिरा आल्यामुळे पेरणी रखडली व सावकारी पुन्हा सुरू झाली." शब्द जवळजवळ सगळे बदलले. निरीक्षण मात्र दुसऱ्याचंच, आणि त्याचं नाव गायब. हे अर्थहरण. विचारलं तर "सर, माझ्या शब्दांत लिहिलंय" हे उत्तर तयार असतं. शाळेत 'स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहा' एवढंच शिकवलं, कुणाचं ते सांगा हे राहूनच गेलं.

प्रबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मुख्यतः शब्दहरण सापडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018चे नियमही साम्याची टक्केवारी धरतात: 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, 60च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर त्यातून वगळतात. त्यामुळे अवतरणचिन्हांना घाबरायचं कारण नाही.

प्रतिज्ञापत्रात असं लिहा: "या लघुप्रबंधात मी वाङ्मयचौर्य केलेले नाही, इतरांचे शब्द वा विचार जिथे घेतले आहेत, तिथे त्यांचा निर्देश केला आहे." त्यातला 'विचार' गाळू नका.