दुष्काळी भागात शेतीच्या पाण्याचे दर वाढवले तर उधळपट्टी थांबेल का?

कालव्याच्या पाण्यापुरती थोडी थांबेल, पण आधी ते पाणी मोजावं लागेल. मराठवाड्यातल्या किंवा माण-सांगोल्याकडच्या बहुतेक शेतांपर्यंत मात्र हा दर पोचतच नाही.

बऱ्याच प्रकल्पांवर आजही पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र बघून लागते. नमुना 7 हा पाणी मागणीचा अर्ज भरायचा, क्षेत्र सांगायचं, आकारणी होते. एकाने दारं धरून, म्हणजे उभं राहून पाणी वळवत बेताने भिजवलं आणि शेजाऱ्याने रात्री चारी, म्हणजे शेताकडे येणारा छोटा पाट, फोडून रान तुंबवलं, तरी दोघांची पट्टी सारखीच. दर दुप्पट केला तर दोघांचीही दुप्पट होईल, पाणी तेवढंच जाईल. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याकडे आवर्तन (पाळीने सोडलेलं कालव्याचं पाणी) पोचेपर्यंत ज्वारी हातची गेलेली असते. त्याने वाढीव पट्टी का भरावी? तो भरत नाही. मग थकबाकी साचते, आणि वसुली नाही म्हणून चाऱ्यांची दुरुस्तीही होत नाही.

शेतकऱ्याला पाणी फुकटच हवं असतं, हे मला पटत नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याकडे मोसंबीच्या बागा जगवायला लोकांनी टँकर विकत घेतले. ते पाणी पाणीपट्टीच्या कित्येक पट महाग होतं. पण टँकर सांगितल्या दिवशी यायचा आणि त्यात किती पाणी आहे ते समोर दिसायचं. ही खात्री कालव्याच्या पाण्याला असेल तर पैसे निघतात. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर टेलच्या ओझरकरांनी पाणी वापर संस्था काढल्या, मोजून पाणी घेतलं आणि पट्टी आपसात वसूल केली. 2005 च्या कायद्याने घनमापन पद्धतीने, म्हणजे पाणी मोजून द्यायची ही सोय राज्यभर झाली. माझ्या माहितीतल्या एका संस्थेत मात्र मोजमापाचं साधन मोडून पडलंय आणि आकडा अंदाजाने लिहिला जातो. तिथे दर काय ठरला याला काही अर्थ उरत नाही.

आता विहिरी-बोअरचं. राज्यातलं निम्म्याहून जास्त ओलित त्यांच्यावर होतं आणि त्या पाण्याला दरच नाही. खर्च काय तो विजेचा. तोही 2024 च्या योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना माफ आहे. त्यात वीज रात्रीची. मोटरला ऑटो बसवून माणूस झोपतो, वीज आली की मोटर आपोआप सुरू, आणि पाणी कुठवर गेलं ते सकाळी कळतं. याला निव्वळ उधळपट्टी म्हणणं अन्याय आहे. साप-विंचवात रात्री दारं धरायला कोण जाईल? दिवसा आठ तास वीज दिली तर माझ्या मते दरवाढीपेक्षा जास्त पाणी वाचेल.

उसाचं गणित वेगळं आहे. साधारण 2000 मिलिमीटर पाणी धरलं तर एकरी 80 लाख लिटर होतात. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच मांजरा खोऱ्यात एकामागून एक साखर कारखाने आहेत. तरी लोक ऊस लावतात, कारण एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, ठरलेली असते आणि कारखाना ऊस उचलतो. तूर-हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याचा भरवसा नसतो. पाणी दुप्पट महाग झालं तरी उसाचा हिशेब फारसा बिघडत नाही. पाणीपट्टी हा त्यातला किरकोळ खर्च आहे.

म्हणून मला विलासराव साळुंखेंची पाणी पंचायत जास्त शहाणी वाटते. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये त्यांनी पाणी जमिनीवर न वाटता माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस बंद. योजनेच्या खर्चात लाभधारकांचाही वाटा होता, म्हणजे फुकट काहीच नव्हतं. पण आधी वाटणी ठरली, पैशाचं नंतर.

तरीही दर वाढवायचाच असेल तर मी तो फक्त मोजून दिलेल्या पाण्यावर वाढवीन, बारमाही पिकांना चढा ठेवीन आणि वसुलीतला मोठा हिस्सा त्याच चारीच्या दुरुस्तीला देईन. ज्याला आवर्तन मिळालं नाही त्याची पट्टी माफ, आणि तीही अर्ज-विनंत्या न करता.