८५ हजारांचा ग्रीन बिल्डिंग कोर्स आत्ताच लावावा का?

प्रश्न : मुलगी सोलापुरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला ग्रीन बिल्डिंगमध्येच काम करायचं आहे. एका क्लासचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स आहे, फी ८५ हजार. 'सर्टिफाइड' होऊन नोकरीची हमी, असं ते सांगतात. पैसे भरू का? की डिग्रीनंतर एम.टेक.ला पाठवू? आणि या क्षेत्रात खरंच नोकऱ्या आहेत, की नुसतीच हवा आहे? – एक वडील, सोलापूर

नमस्कार.

आत्ता पैसे भरू नका. क्लास वाईटच असेल असं नाही, पण 'सर्टिफाइड' या शब्दाची आधी फोड करून घ्या. ग्रीन रेटिंग, म्हणजे ऊर्जा-पाणी वाचवणारी इमारत म्हणून मिळणारा दर्जा, मिळतं ते इमारतीला. माणसाला मिळतं ते परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र, आणि ती परीक्षा क्लास घेत नाही. आपल्याकडे चार पद्धती चालतात : सीआयआय या उद्योग संघटनेच्या छत्राखाली २००१ साली सुरू झालेली आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल), टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं मिळून आणलेली 'गृहा', अमेरिकेची 'लीड' आणि जागतिक बँक गटातल्या आयएफसीची 'एज'. चौघांच्याही व्यावसायिकांसाठी परीक्षा आहेत आणि त्यांचे अर्ज थेट भरता येतात, मधला माणूस लागत नाही. उदाहरणार्थ, लीडची पहिली पायरी म्हणजे ग्रीन असोसिएट : १०० प्रश्न, २ तास, २०० पैकी १७० गुण. अनुभवाची अट नाही. मात्र दर दोन वर्षांनी १५ तासांचं पुढचं शिक्षण दाखवून, फी भरून ते टिकवावं लागतं. म्हणजे तिसऱ्या वर्षात पास झाली, तर नोकरीच्या मुलाखतीपर्यंत निम्मी मुदत संपलेली. परीक्षा द्यायचीच तर शेवटच्या सेमिस्टरला द्यावी.

क्लासला तीन गोष्टी लेखी विचारा. परीक्षेची फी ८५ हजारांत धरली आहे का? प्रमाणपत्रावर सही कोणाची, क्लासची की वरच्यापैकी एखाद्या संस्थेची? नोकरी नाही लागली तर पैसे परत मिळतील का? तिसऱ्या प्रश्नाला लेखी उत्तर आलं नाही, तर हमीची किंमत तुम्हाला कळलीच.

आता नोकऱ्यांचं. हवा आहे हे खरं, पण खाली जमीनही आहे आणि ती मुख्यतः नियमांची आहे. मुंबई आणि मोजकी क्षेत्रं सोडून राज्यभर २०२० पासून एकत्रित विकास नियमावली लागू आहे. तिच्यात ग्रीन इमारतीला जादा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो : आयजीबीसी सिल्व्हर किंवा गृहाच्या तीन ताऱ्यांना मूळ एफएसआयच्या ३%, गोल्ड किंवा चार ताऱ्यांना ५%, प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना ७%. समजा प्लॉट २,००० चौ.मी.चा आहे आणि मूळ एफएसआय १.१. मूळ बांधकाम २,२०० चौ.मी., त्याचे ५% म्हणजे ११० चौ.मी. जवळपास १,१८० चौरस फूट, एक ऐसपैस फ्लॅट. पण इमारत पूर्ण झाल्यावर कबूल केलेलं रेटिंग आलं नाही, तर दंड. बिल्डरला पर्यावरणाचं प्रेम असो वा नसो, हा फ्लॅट वाचवायला त्याला कोणीतरी माणूस लागतो, आणि तुमच्या मुलीची पहिली नोकरी बहुधा तीच असेल.

त्या नोकरीत काय करावं लागतं हे तिला आधीच सांगा, कारण झाडं, सोलर पॅनेल आणि हिरव्या भिंतींचे फोटो पाहून आलेली मुलं इथे सहा महिन्यांत कंटाळतात. पहिली दोन वर्षं काम असतं फाइलचं. रंगातल्या बाष्पशील रसायनांच्या प्रमाणाचं कंपनीचं पत्र. सिमेंटमध्ये फ्लाय अॅश किती, त्याचा दाखला. नळातून मिनिटाला किती लिटर पाणी येतं, त्याचा डेटाशीट. आणि या प्रत्येकामागे चलन, बिल, तारीख. घोटाळा होतो तो इथेच. डेटाशीट एका मॉडेलचा असतो आणि कॉन्ट्रॅक्टरनं शंभर रुपये वाचवायला दुसराच नळ बसवलेला असतो. किंवा स्लॅबवर इन्सुलेशन टाकलं, वर स्क्रीड (सिमेंटचा सपाटीचा थर) ओतलं आणि फोटो काढायचा राहिला. मग खाली २५ मिमी आहे की ५० मिमी, हे फोडल्याशिवाय कोणालाच दाखवता येत नाही. टेप लावून, तारखेसह, त्याच दिवशी काढलेला एक फोटो पुढे महिनाभराचा पत्रव्यवहार वाचवतो. म्हणून या कामात साइट कळणारा सिव्हिलचा माणूस लागतो. नुसता कोर्स केलेला माणूस ऑफिसात बसून चलनं गोळा करत राहतो, पण चूक कुठे होणार हे त्याला आधी दिसत नाही.

पगार सुरुवातीला साध्या साइट इंजिनिअरपेक्षा फार वेगळा असेल, अशी आशा धरू नका. फरक पडतो तो दोन-तीन वर्षांनी, आणि तोही ज्याला आकडेमोड येते त्यालाच.

ही आकडेमोड शिकायला पैसे लागत नाहीत. सोलापूर उष्ण-कोरड्या हवामानाच्या पट्ट्यात येतं, प्रयोगशाळा घरावरच आहे. घरांसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 'इको निवास संहिता २०१८' मोफत मिळते, ती उतरवून घ्यावी. तिच्यात छपराचा यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावा, असं आहे. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौ.मी.मधून किती वॉट उष्णता जाते. आपलं नेहमीचं छप्पर घ्या. प्रत्येक थराचा रोध, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, काढून बेरीज करायची. १२५ मिमी आरसीसी स्लॅब : जाडी मीटरमध्ये, भागिले वाहकता (साहित्य उष्णता किती वाहू देतं ते) १.५८, म्हणजे ०.०८. वर १०० मिमी ब्रिकबॅट कोबा, वाहकता अंदाजे ०.८ : ०.१२५. खाली प्लास्टर : ०.०२. वरच्या-खालच्या पृष्ठभागालगतच्या हवेचा रोध : ०.२१. बेरीज ०.४३ च्या आसपास, आणि १ भागिले ०.४३ म्हणजे २.३. संहितेच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. वरच्या मजल्यावर मे महिन्यात रात्री दहालाही पंखा गरम वारा का फेकतो, त्याचं उत्तर या बेरजेत आहे.

आता त्यावर २५ मिमी एक्सपीएस (दाट फोमची इन्सुलेशन) शीट धरा, वाहकता ०.०३५. रोध ०.७१ वाढला, बेरीज १.१४, यू-व्हॅल्यू ०.८८. इंचभर शीटनं छप्पर नियमात बसलं. पण शीट कुठे टाकायची हे पुस्तकातल्या गणितात येत नाही. वॉटरप्रूफिंगच्या वर, बंद पेशींची एक्सपीएस आणि तिच्यावर स्क्रीड. स्वस्त पडतं म्हणून साधं थर्माकोल टाकलं, तर ते पाणी धरतं, भाराखाली दबतं आणि दोन पावसाळ्यांत कागदावरचा आकडा कागदावरच राहतो. बजेट नसेल तर पांढऱ्या चायना मोझॅकनं (चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांनी) उष्णता परतवता येते, पण त्यावर धूळ बसली की परतवणं कमी होतं. धुवायचं कोणी, हे आधी ठरवावं लागतं.

असंच पाण्याचं. १०० चौ.मी. गच्ची, सोलापूरचा वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिमी, वाया जाणारं धरून गुणक ०.८ : ४४,००० लिटर. चार माणसांना माणशी १३५ लिटरनं रोज ५४० लिटर लागतात, म्हणजे जवळपास ८१ दिवसांचं पाणी. ऐकायला छान. पण हे पाणी काही थोड्याच दिवसांत कोसळतं आणि ४४,००० लिटरची टाकी कोणाच्याही अंगणात मावत नाही. म्हणून टाकी केवढी आणि बोअरमध्ये किती सोडायचं, हा खरा प्रश्न. लोक गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडतात, गाळ आत बसतो आणि चालू बोअर बुजतो. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायला वेगळा व्हॉल्व्ह आणि मध्ये वाळू-खडीचा फिल्टर लागतोच. दर पावसाळ्याआधी तो उपसून धुवावा लागतो, हे तर जवळजवळ सगळेच विसरतात.

मुलीनं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हेच घ्यावं. 'ग्रीन बिल्डिंगचा अभ्यास' असलं मोघम शीर्षक नको. सोलापुरातली एक खरी इमारत, तिचा छपराचा यू-व्हॅल्यू, आणि संहितेतला भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक, जो १५ वॉट प्रति चौ.मी.च्या आत हवा. मग पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा वाढवला तर काय, विटेऐवजी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) ब्लॉक घेतला तर काय, आणि प्रत्येकाचा खर्च किती. एएसीचं सुचवताना प्लास्टरला तडे का जातात तेही लिहावं : ब्लॉक आणि आरसीसीच्या सांध्यावर जाळी न मारणं, जाड सिमेंट मॉर्टर, ब्लॉक विटेसारखे भिजवत ठेवणं. मुलाखतीत असा वीस पानांचा अहवाल सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतो. पुढे सिम्युलेशनसाठी, म्हणजे संगणकावर इमारतीची नक्कल करून पाहायला, एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात पश्चिमेची खोली कधी किती तापते, ते तासातासानं दिसतं.

एम.टेक. चांगलं, पण लगेच नको. दोन वर्षं एखाद्या सल्लागाराकडे किंवा एमईपी (एसी, वीज आणि प्लंबिंगची रचना करणाऱ्या) फर्ममध्ये काढून मग अहमदाबादच्या सेप्टचा इमारतींच्या ऊर्जा कामगिरीवरचा अभ्यासक्रम पाहावा. तोवर तिला कळलेलं असेल की तिचा ओढा सिम्युलेशनकडे आहे, साहित्याकडे की पाण्याकडे. माझं मत विचाराल तर सिव्हिलच्या मुलीनं पाण्याकडे, म्हणजे प्लंबिंग, सांडपाणी प्रक्रिया आणि पुनर्वापराकडे जरूर बघावं. एसी आणि काचांच्या गणितात मेकॅनिकलवाले पुढे असतात, तर पाण्यात सिव्हिलचा पाया उपयोगी पडतो. शिवाय इमारत उभी राहिल्यावरही काम संपत नाही. मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी प्रकल्प बसवलेला असतो, पण ब्लोअरचं (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचं) वीजबिल वाचवायला तो बंद ठेवतात, जिवाणू मरतात आणि वास सुटतो. तो चालता ठेवणारा माणूस शोधावा लागतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षाही पुढे द्यावी. चार पेपर असतात आणि पदवीधर इंजिनिअरला तीन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे ती आज यादीत लिहून ठेवण्यापुरतीच.

८५ हजारांतले हजार-दीड हजार मात्र आत्ता खर्च करा : एक इन्फ्रारेड थर्मामीटर. मे महिन्यात दुपारी तीन, सहा आणि रात्री नऊला वरच्या मजल्यावर छताच्या खालच्या बाजूचं तापमान तिला वहीत लिहू द्या. रोज छताची तीच जागा घ्यायची, तेवढ्याच अंतरावरून. चकचकीत पत्र्यावर किंवा स्टीलवर हे यंत्र खोटं वाचन देतं, तिथे आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून मगच मोजावं.