मोठ्या प्रकल्पांना झटपट मंजुरी द्यायची तर महापालिकेच्या सभागृहाची गरज काय? नगरसेवक फक्त अडवतातच ना?

नाही. आणि मुळात बांधकाम परवानगी सभागृह, म्हणजे नगरसेवकांची मुख्य सभा, देतच नाही. ती आयुक्तांच्या अधिकारात बांधकाम विभाग देतो. सभागृहापुढे जातं ते त्याच्या आधीचं: विकास आराखडा, एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खालचे आरक्षणबदल, महापालिकेच्या जागा कोणाला द्यायच्या ते. मोठ्या निविदा स्थायी समितीपुढे. म्हणजे एखाद्या जागेवर टॉवर होऊ शकतो की नाही हे सभागृहात ठरतं, फाईल नंतर हलते.

"फक्त अडवतात" हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

पुण्यात आमच्या मागच्या गल्लीत एक मोकळा प्लॉट आहे. 1987 च्या आराखड्यात त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण होतं. 2013 मध्ये नवा प्रारूप आराखडा आला आणि त्यात तो तुकडा पिवळा, म्हणजे निवासी. आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. समोरच्या इमारतीत एक निवृत्त सर्व्हेअर काका राहायचे, त्यांनी पाहिलं. नकाशाच्या तेवढ्या भागाची मोठी झेरॉक्स आमच्या डायनिंग टेबलवर पसरली, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि जुन्या नकाशाशी ताडून दाखवलं. नाला वळतो तिथपासून रस्त्यापर्यंतचा हिरवा पट्टा गायब.

हरकती लिहायला बसलो. सगळ्यांनी एकाच छापील मजकुराखाली सह्या करायच्या नाहीत, असा काकांचा हट्ट होता. प्रत्येकाने आपलं कारण लिहायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लिहिलं की नातू पार्किंगमध्ये खेळतो आणि रिव्हर्स येणाऱ्या गाडीखाली जाता जाता वाचला. मी सर्व्हे नंबर, जुना आरक्षण क्रमांक आणि जवळचं मैदान किती लांब आहे ते लिहिलं. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतली. शहरभरातून तेव्हा ऐंशी हजारांहून जास्त हरकती गेल्या, त्यात आमच्या या.

सुनावणी नियोजन समितीपुढे असते. स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. आमची पाळी येईपर्यंत संध्याकाळ झाली. आजी उभ्या राहून बोलल्या, खाली बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. एका सदस्याने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला आणि काकांना नाल्याची हद्द विचारली. आमच्या प्रभागाचे नगरसेवक पूर्ण वेळ हजर होते. आमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, दोन गल्ल्यांची मतं होती म्हणून. मला ते पूर्ण मान्य आहे. मताच्या भीतीने का होईना, कोणीतरी आपल्यासाठी त्या खोलीत येऊन उभं राहतं, यासाठीच नगरसेवक निवडायचा असतो.

2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जानेवारी 2017 मध्ये मंजुरी दिली. त्यात आमचा तुकडा क्रीडांगणच राहिला. आज तिथे पोरं खेळतात.

माझे धाकटे दीर एका बांधकाम कंपनीत परवानग्यांचं काम बघतात. गणपतीत पंगतीला बसलो की त्यांचं ठरलेलं: "वहिनी, तुमच्या हरकतींपायी शहराचा आराखडा दहा वर्षं रखडला. प्रशासक आल्यावर बघा कामं कशी पटापट झाली." तो आराखडा 2007 ते 2027 साठीचा होता. लोकांसमोर आला 2013 मध्ये. मधल्या सहा वर्षांत प्रारूपावर एकही हरकत नव्हती, कारण हरकत घ्यायला कागदच बाहेर आला नव्हता. तो उशीर आमच्या नावावर कसा?

आणि प्रशासकाच्या काळातली "पटापट" म्हणजे काय तेही पाहा. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि नवं सभागृह यायला जानेवारी 2026 ची निवडणूक उजाडली. एवढा काळ आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा, दोन्ही सह्या एकाच माणसाच्या. मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर नदीकाठ प्रकल्पाचं भूमिपूजन 6 मार्च 2022 ला झालं, त्याच महिन्यात सभागृह गेलं. झाडं, पूररेषा, काठावरच्या भिंती यांवर लोक कोर्टात आणि रस्त्यावर भांडत राहिले, कारण भांडायला सभागृहच नव्हतं.

बिल्डरला उशिराची भीती वाटते म्हणावं तर एमआरटीपी कायद्यात आधीच सोय आहे. नियमात बसणाऱ्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. पर्यावरण मंजुरी वीस हजार चौरस मीटरपासून लागते, पण बांधकाम प्रकल्पांना त्यात जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे शेजाऱ्याला तोंड उघडायची जागा उरते ती आराखडा आणि आरक्षणबदलाच्या टप्प्यावरच. झटपट मंजुरीच्या नावाखाली छाटली जाते ती नेमकी हीच.

हेही सांगायला हवं की सभागृह असलं म्हणजे सगळं आलबेल असतं असं नाही. 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, शहरातले 323 सहा मीटर रस्ते नऊ मीटर करायला मान्यता दिली ती निवडून आलेल्या स्थायी समितीनेच. रस्ता नऊ मीटर झाला की टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येतो, त्यामुळे यात कोणाचं भलं होतं हे उघड होतं. "आयत्या वेळचे विषय" म्हणून कितीतरी गोष्टी चर्चेविना मंजूर होतात. मेट्रो आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्या कामांत तर महापालिकेला फारसं बोलताच येत नाही. पण निदान त्या 323 रस्त्यांवर ओरडायला विरोधी बाकं होती, दुसऱ्या दिवशी पेपरात आलं आणि लोकांना कळलं.

तुमच्या भागात काही येत असेल तर आधी सर्व्हे नंबर मिळवा. मुख्य सभेची आणि शहर सुधारणा समितीची कार्यपत्रिका पाहत राहा. कलम 37 ची नोटीस पेपरात बारीक अक्षरात येते आणि हरकतीला एकच महिना मिळतो. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

आणि भाऊजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. त्या सहा वर्षांचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.